रफिंग स्टँडच्या रोलमधले औष्णिक ताण: मॉडेलचे आकडे कितपत खरे मानायचे?

बुटीबोरी_रफिंग

नमस्कार मंडळी. री-रोलिंग मिलच्या रफिंग स्टँडमधल्या (तापलेलं बिलेट सुरुवातीला दाबणाऱ्या) रोलचं औष्णिक ताणाचं मॉडेल कॅल्क्युलिक्स या मर्यादित घटक पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. पासच्या (रोलवरच्या खाचेच्या) तळाशी फायरक्रॅकची (तापण्या-निवण्याने पडणाऱ्या बारीक भेगांची) जाळी लवकर येते आणि दर ड्रेसिंगला (रोल पुन्हा कातताना) जास्त मटेरियल काढावं लागतं, त्याचं कारण शोधायचं आहे.

माहिती अशी: एसजी आयर्नचा (गोलाकार ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचा) रोल, व्यास ४२० मिमी, बॉक्स पास, रुंदी साधारण १०० मिमी. बिलेट स्टँडवर येतं तेव्हा पृष्ठभाग १०५० अंशाच्या आसपास, ड्राफ्ट (एका पासमध्ये कमी होणारी जाडी) २० मिमी, रोलचा पृष्ठवेग २ मीटर प्रति सेकंद. पाणी ३४ अंश, एका रोलवर मिनिटाला १०० लिटर. बार पासमध्ये असण्याचं प्रमाण एकूण वेळेच्या ५५ टक्के.

मॉडेल: रोलचा आडवा छेद, प्लेन स्ट्रेन (लांबीच्या दिशेने विकृती शून्य), द्विघाती एलिमेंट, पृष्ठभागाजवळ २ मिमीचे. संपर्कात बिलेट आणि रोलचं तापमान एकच धरलंय, म्हणजे मध्ये कसलाच अडथळा नाही. रोलचं सुरुवातीचं तापमान ६० अंश, ताणासाठी संदर्भ तापमान २०. मटेरियल सध्या फक्त इलॅस्टिक: ई (स्थितिस्थापकता गुणांक) १७० गिगापास्कल, प्रसरणांक १२ गुणिले १० चा उणे ६ वा घात, पॉयसनचं गुणोत्तर ०.२८.

उत्तर असं येतं: पृष्ठभागाचं शिखर ५६० अंश, परिघीय ताण दाबाचा १४२० मेगापास्कल, अक्षीय १५००. पण संपर्काच्या वेळी पृष्ठभागाखालचे काही नोड ६० वरून ३८ अंशांवर उतरतात, आणि ते शक्यच नाही. टाइम स्टेप ०.००२ सेकंद आहे. तो आणखी लहान केला की हे जास्तच बिघडतं. मेश (एलिमेंटची जाळी), संपर्क की मटेरियल, आधी कशाला हात घालू?

---

उष्मावहन

३८ अंशांचं आधी मिटवू, कारण ते सोपं आहे. द्विघाती एलिमेंटमध्ये टाइम स्टेपला खालूनही मर्यादा असते: घनता गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले एलिमेंटच्या जाडीचा वर्ग, भागिले सहापट वाहकता. एसजी आयर्नसाठी वाहकता ३०, घनता ७३००, विशिष्ट उष्मा ५०० धरा. औष्णिक विसरणांक येतो ८.२ गुणिले १० चा उणे ६ वा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. २ मिमीच्या एलिमेंटला किमान स्टेप ०.०८ सेकंद निघतो. तुमचा संपर्काचा काळच त्याच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. एका स्टेपमध्ये उष्णता एलिमेंटच्या पलीकडच्या टोकाला पोचतच नाही. एलिमेंटमधला वक्र मात्र समतोल साधायला खाली झुकतो आणि आतले नोड सुरुवातीच्या तापमानाच्या खाली जातात. स्टेप लहान केल्यावर बिघाड वाढतो तो म्हणूनच.

संपर्काचा काळ हाताने काढा. चापाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले ड्राफ्ट याचं वर्गमूळ: २१० गुणिले २०, वर्गमूळ ६५ मिमी. २ मीटरच्या वेगाला ०.०३२ सेकंद. एवढ्यात उष्णता अर्धा मिमी खोल शिरते. पूर्ण फेरा ०.६६ सेकंदाचा. त्या आवर्तनात तापमानाच्या चढउताराची भेदनखोली १.३ मिमी येते, आणि ६ मिमी खाली तो पृष्ठभागाच्या एक टक्क्यावर उतरतो. म्हणजे सगळं नाट्य वरच्या ६ मिमीत आहे आणि तिथे तुमचे तीनच एलिमेंट बसतात. पृष्ठभागाला ०.१ मिमीचा थर घ्या, आत जाताना प्रत्येक थर १.२ पट वाढवा. किमान स्टेप मग ०.०००२ सेकंदावर येतो आणि ०.०००७ चा स्टेप बिनधास्त चालतो.

आणखी एक गोष्ट. पूर्ण वर्तुळ मेश करायची गरजच नाही. वेग गुणिले त्रिज्या भागिले विसरणांक, हा पेक्ले अंक इथे ५१ हजारांच्या घरात आहे. परिघाच्या दिशेने वहन नगण्य. त्रिज्येच्या दिशेची एकच पट्टी अक्षसममित एलिमेंटमध्ये घ्या आणि तिच्या टोकाला काळानुसार सीमाअट बदला: ०.०३२ सेकंद बिलेट, मग हवा, मग फवारा, मग परत हवा. काही मिनिटांत उत्तर मिळतं, त्यामुळे पन्नास वेगवेगळे आकडे घालून बघता येतात. आणि इथे ते बघावेच लागतात, कारण खरा प्रश्न मेशचा नाहीच.

तो आहे संपर्काचा. अडथळा शून्य धरलात तर पृष्ठभागाचं तापमान दोन्ही धातूंच्या वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. बिलेटसाठी ते ११,४०० येतं, रोलसाठी १०,५००. दोघांचं भारित सरासरी तापमान: ५७६ अंश. तुमचे ५६० त्याच्या जवळ आहेत, म्हणजे मॉडेलने दिलेल्या अटीचं उत्तर दिलंय. अटच खरी नाही. मध्ये स्केल (बिलेटवरचा ऑक्साइडचा थर) आहे. स्केलची वाहकता २ ते ३ वॅट प्रति मीटर केल्विन. ०.१ मिमी जाडीचा थर धरला तरी संपर्काचा उष्मांतरण गुणांक २५ किलोवॅट प्रति चौरस मीटर केल्विनच्या आसपास येतो.

दोन अर्धअनंत घन आणि मध्ये ठरावीक गुणांक, याचं बंद सूत्र पुस्तकात मिळतं. त्यात तुमचे आकडे घातले तर:

गुणांक २० किलोवॅट: शिखर २९५ अंश
३० किलोवॅट: ३५३ अंश
४० किलोवॅट: ३९३ अंश
अडथळा नाही: ५७६ अंश

तुमच्या पट्टीचा पहिला फेरा या आकड्यांशी दोन-तीन अंशांत जुळला पाहिजे. जुळला नाही तर पुढे जाऊच नका.

---

मर्यादित_घटक

वरचं सगळं बरोबर. ताणाच्या बाजूने माझी भर.

अक्षीय १५०० आणि परिघीय १४२० यातला ८० चा फरक कुठून आला ते बघा. पातळ थर आतल्या जाड गाभ्याने दोन्ही दिशांना अडवलेला असतो, म्हणून पृष्ठभागावर दोन्ही ताण जवळपास सारखे यायला हवेत. ई गुणिले प्रसरणांक म्हणजे अंशाला २.०४ मेगापास्कल. रोल ६० वर, संदर्भ २० वर, फरक ४०. गुणाकार ८२. हाच तुमचा जास्तीचा ताण. प्लेन स्ट्रेनने रोलची दोन्ही टोकं भिंतीत गाडून टाकली आहेत, आणि खरा रोल लांबीला मोकळा वाढतो. उद्या रोलचं सरासरी तापमान ९० झालं तर ही खोटी भर १४० च्या वर जाईल.

उपाय सामान्यीकृत प्लेन स्ट्रेनचा. आडव्या छेदावरच राहायचं असेल तर एका एलिमेंट जाडीचा त्रिमितीय काप घ्या, एका तोंडाचं अक्षीय विस्थापन शून्य करा, आणि दुसऱ्या तोंडाच्या सगळ्या नोडचं अक्षीय विस्थापन समीकरणाने एकाच नोडला बांधा. तो नोड मोकळा सोडा. तोंड सपाट राहतं पण सरकू शकतं. अक्षसममित पट्टीलाही हीच अट लावा. पट्टी मात्र केंद्रापर्यंत गेली पाहिजे. नुसता वरचा २० मिमीचा तुकडा घेतला तर गाभ्याचा अडसरच हरवतो.

आता मटेरियल. एका अंशाच्या उडीला पृष्ठभागावर किती ताण, तर २.०४ भागिले (१ वजा ०.२८), म्हणजे २.८३ मेगापास्कल. गुणांक ३० धरला तर उडी २९३ अंशांची, ताण दाबाचा ८३०. एसजी रोलचा दाबातला यील्ड (कायमची विकृती सुरू होते तो ताण) त्या तापमानाला याच्या बराच खाली असतो. समजा ५०० आहे. थर दाबात ५०० वर थांबतो, उरलेलं प्लास्टिक आकसणं होतं. बिलेट सुटल्यावर थर थंड होतो तेव्हा तोच ८३० उलट दिशेने लागतो. शिल्लक राहते ३३० ची ओढ. ओतीव लोखंडाला दर फेऱ्याला ही ओढ बसते आणि भेगा तिथून सुरू होतात. मॉडेलमधला दाबाचा प्रचंड आकडा बघून घाबरायचं नसतं. भेग थंड होताना, ओढीत उघडते. म्हणून फवाऱ्याच्या क्षणाचा निकाल साठवला गेलाय ना ते आधी बघा. पुष्कळ वेळा निकाल फक्त शिखराच्या क्षणाचा छापलेला असतो.

यात एक उंबरठा आहे, आणि तुमचा अख्खा निष्कर्ष त्याच्यावर अवलंबून आहे. ताणाची उडी यील्डच्या दुपटीपेक्षा कमी असेल (८३० विरुद्ध १०००), तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर थर इलॅस्टिक आवर्तनात स्थिरावतो. भेग येते, पण सावकाश. उडी दुपटीच्या वर गेली, जसे तुमचे अडथळाविरहित १४२०, तर प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट प्लास्टिक विकृती होते आणि भेगा फारच लवकर यायला हव्यात. एकच रोल, एकच बिलेट. संपर्काच्या गुणांकाने निदान बदललं. म्हणून आधी गुणांक ठरवा, रंगीत चित्रं नंतर.

हार्डनिंग (प्लास्टिक विकृतीनंतर यील्ड कसा बदलतो त्याचा नियम) कायनेमॅटिक घ्या, म्हणजे यील्डची मर्यादा सरकते पण फुगत नाही. आयसोट्रॉपिकमध्ये यील्डची मर्यादा दर फेऱ्याला फुगत जाते आणि मॉडेल खोटंच शांत होतं. ई, यील्ड आणि प्रसरणांक तापमानानुसार द्या. निदान २०, २००, ४०० आणि ५०० अंशांचे आकडे हवेत. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात बहुतेक वेळा फक्त कडकपणा असतो, यील्ड मागून घ्यावा लागतो.

---

उष्मावहन

गुणांक कसा ठरवायचा ते राहिलं. रोलमध्ये पृष्ठभागापासून अर्ध्या मिमीवर थर्मोकपल बसवणं चालू मिलमध्ये अवघड. पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि इथे पुरेसा आहे.

एका संपर्कात रोल चौरस मीटरला किती उष्णता घेतो: गुणांक २० ला ४२० किलोज्यूल, ३० ला ५३०, ४० ला ६१५, अडथळा नसेल तर १०९०. पासचं क्षेत्रफळ ०.१ गुणिले १.३२ मीटर. फेऱ्याच्या ०.६६ सेकंदाने भागा, ५५ टक्क्यांनी गुणा. गुणांक ३० ला एका रोलमध्ये ५९ किलोवॅट येतात. मिनिटाला १०० लिटर पाणी त्याने ८.४ अंश तापतं. गुणांक २० ला ६.६ अंश. अडथळा नसेल तर १७.

वरच्या रोलचं परत येणारं पाणी पत्र्याच्या पन्हळीत वेगळं धरा आणि आत येणारं व बाहेर पडणारं तापमान साध्या प्रोबने मोजा, पण मिल किमान पाऊण तास सलग चालल्यावर. या व्यासाच्या रोलचा औष्णिक कालस्थिरांक पंधरा मिनिटांच्या आसपास आहे. तीनपट वेळ गेल्याशिवाय आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता जुळत नाही. शिवाय पाणी थोडं बारवरूनही तापतं, त्यामुळे मोजलेली वाढ ही गुणांकाची वरची मर्यादा समजा. वाढ ९ अंश आली तर गुणांक ३५ किलोवॅटच्या वर नाही, हे खात्रीने म्हणता येतं. वाफेत जाणारा वाटा इथे धरलेला नाही. पास सुटताना ढगासारखी वाफ दिसत असेल तर तो आधी आटोक्यात आणा, नाहीतर ही मर्यादा खोटी ठरेल.

---

हिंगणा_रोलशॉप

मॉडेलवाल्यांनी चांगलं सांगितलंय. फक्त फवाऱ्याची सीमाअट कागदावरची घेऊ नका, स्टँडजवळ उभं राहून बघा.

पाणी कुठे पडतं ते महत्त्वाचं. बार सुटतो त्या बाजूला, सुटण्याच्या बिंदूच्या जमेल तितकं जवळ, एकूण पाण्याचा मोठा वाटा तिथे हवा. सुटल्यावर जितका उशीर, तितकी उष्णता आत उतरते आणि मग पाण्याच्या हाती लागत नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, नोझलच्या तोंडाशी क्षार धरतो. चपट्या फवाऱ्याचा पंखा मधून फाटतो आणि दोन धारा होतात. लांबून पाणी भरपूर दिसतं, पासच्या तळाला मात्र कोरडी पट्टी राहते. फायरक्रॅकची जाळी पासच्या रुंदीत एकसारखी आहे की एकाच बाजूला दाट आहे, ते डाय पेनिट्रंट (भेगा उठून दाखवणारा रंगीत द्रव) मारून बघा. एका बाजूला दाट असेल तर नोझल काढून बादलीत मिनिटभर पाणी मोजा. प्रत्येकाचा आकडा वेगळा निघेल.

जाळीच्या जोडीला रोलच्या लांबीच्या दिशेने एकच पट्टा जास्त खोल चिरलेला असेल, तर तो रोजच्या आवर्तनाचा नाही. तो कॉबलचा. बार अडकून रोल थांबला की तोच भाग मिनिटभर तापतो आणि उष्णता अर्ध्या मिमीऐवजी वीस-बावीस मिमी खोल शिरते. त्यावर पाणी सोडलं की सरळ क्वेंचिंग. अडकल्याबरोबर पाणी बंद, गॅप उघडायचा, बार कापून काढायचा, रोल कोरडाच हळू फिरवत ठेवायचा, आणि पट्टा बाकीच्या रोलइतका निवल्यावरच पाणी. हा प्रसंग मॉडेलमध्ये वेगळा चालवा. रोजच्या आवर्तनात मिसळला तर दोन्ही निदानं चुकतील. इथे परिघाच्या दिशेचं वहनही धरावं लागेल, कारण रोल उभा आहे, म्हणजे एक पट्टी पुरणार नाही.

कॉलरची (पासच्या बाजूच्या उंचवट्याची) कडही बघून घ्या. तिला दोन बाजूंनी उष्णता लागते. पट्टीच्या मॉडेलला ती दिसणारच नाही. तिथे पास आणि कॉलर मिळून अक्षसममित काप हवा, कोपऱ्याची त्रिज्या खरी घालून.

ड्रेसिंगमध्ये भेगेचं मूळ राहिलं तर नवी जाळी तिथूनच निघते. शेवटच्या कटनंतर परत पेनिट्रंट मारा, रेषा दिसेनाशी झाल्यावरही थोडं खाली जा. जास्त मटेरियल जातंय म्हणून कट वाचवणं इथे महाग पडतं.

---

बुटीबोरी_रफिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी केंद्रापर्यंत घेतली, पृष्ठभागाला ०.१ मिमी, टोकं मोकळी. गुणांक ३० ला पहिल्या फेऱ्याचं शिखर ३५१ येतं. सुरुवातीच्या खाली जाणारे नोड गेले, अक्षीय आणि परिघीय ताण जुळले. कायनेमॅटिक हार्डनिंग लावल्यावर फवाऱ्याच्या क्षणी ओढ ३०० च्या थोडी वर दिसते. पाण्याची पन्हळ या आठवड्यात बसवतो. वाफ फार नाही, तरी नोंद ठेवतो.

एक विचारायचं राहिलं. शॉपमध्ये सगळ्यांचं ठाम मत आहे की मे महिन्यात पाणी तापतं म्हणून रोल फुटतात. मॉडेलमध्ये पाणी २० आणि ३८ अंश असं बदलून पाहिलं तर ताणाची उडी जेमतेम १५ मेगापास्कलने हलते, तीही कमी होण्याच्या दिशेने. हे पटवून कसं द्यायचं?

---

मर्यादित_घटक

आकडा बरोबर आहे. पाणी १८ अंशांनी तापलं तर रोलचा पायाही १८ ने वर येतो, आणि बिलेटशी फरक तेवढाच कमी होतो. उडी त्या फरकाच्या ३० टक्के, म्हणजे ५ अंशांनी घटते. ५ गुणिले २.८३, झाले १५.

शिवाय कूलिंग टॉवर असेल तर मे हा सर्वांत तापलेल्या पाण्याचा महिना असेलच असं नाही. टॉवरचं पाणी ओल्या बल्बच्या तापमानाकडे (बाष्पीभवनाने जितकं खाली जाता येतं तिथे) जातं. नागपुरात मे मध्ये हवा ४५ अंश पण कोरडी, आर्द्रता १५ टक्के धरली तर ओला बल्ब २४ च्या आसपास. ऑगस्टमध्ये हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर २७ ते २८. पाणी उघड्या टाक्यातून येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ऊन थेट लागतं. उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढून क्षार घट्ट होतात आणि नोझल लवकर बुजतात, हे मात्र खरं कारण असू शकतं. तापमानाऐवजी महिनावार नोझलचा प्रवाह नोंदवा, मग दिसेल.

रोल अख्खा मोडण्याची भीती उलट जानेवारीत जास्त. पहाटे रोल १२ अंशांवर असतो, मिल एकदम पूर्ण वेगाने सुरू होते, बाहेरचा थर तापतो आणि गाभा गारच राहतो. बाहेर-आत ७० अंशांचा फरक पडला तर मध्यभागी ओढीचा ताण साधारण १०० मेगापास्कल येतो (२.०४ गुणिले ७०, भागिले दुप्पट ०.७२). ओतकामातली शिल्लक ओढ आणि वाकण्याचा ताण त्यात मिळवा. पृष्ठभागाच्या जाळीशी याचा संबंध नाही, हा गाभ्याचा प्रश्न आहे.

---

हिंगणा_रोलशॉप

थंडीत पहिला अर्धा तास दोन बारमधलं अंतर वाढवा, बार पासमध्ये असण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पाणी पहिल्या बारपासून पूर्ण चालू ठेवा. रोल लवकर तापावा म्हणून सुरुवातीला पाणी कमी ठेवतात आणि तापल्यावर एकदम सोडतात, ते करू नका. नवा रोल स्टोअरमधून आणला की आदल्या रात्री शेडमध्ये भट्टीच्या बाजूला, ज्वाळेपासून लांब, कोरडा ठेवा. सकाळी बॅरलवर (रोलच्या मधल्या जाड भागावर) आणि नेकवर (टोकाच्या बारीक भागावर) कॉन्टॅक्ट प्रोब लावून दोन्ही आकडे लॉगबुकमध्ये लिहा. मॉडेलच्या सुरुवातीच्या तापमानाला तेच घालायचे.